हाताला सोसंल तेवढीच धग

नवाकोरा सुती सदरा हातात आला की मी अजूनही आधी त्याची शिवण उलटी करून बघते. दुकानदार म्हणतो, बाई, कापड आटणार नाही, माझी गॅरंटी. मी मनात म्हणते, तुझी गॅरंटी ठेव तुझ्यापाशी. कापड कधी आटतं आणि कशानं आटतं हे मला वच्छीअक्कांनी शिकवलंय. त्यांनी शिकवलेलं तुझ्यासारख्याच्या बोलण्यानं पुसलं जाणार आहे होय?

नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. आम्ही तेव्हा सांगलीत विश्रामबागला राहायचो. यांची नोकरी बदल्यांची, मला घरात बसून कंटाळा, म्हणून कोपऱ्यावरच्या आप्पांच्या लाँड्रीत मी गल्ल्यापाशी बसायला लागले. कपडे घ्यायचे, खुणेची चिंधी बांधायची, आलेल्या माणसाशी गोड बोलायचं. गोड बोलायचं काम माझ्याकडे होतं कारण आत वच्छीअक्का होत्या, आणि त्यांच्या तोंडी लागलेलं गिऱ्हाईक परत येईलच याची खात्री नसायची.

त्या आल्या त्या ड्रायरमुळे. महाबळेश्वरचं एक हॉटेल बंद पडलं, त्याचं सामान विक्रीला निघालं, आणि आप्पांनी हौसेनं तो भलामोठा गोल पिंप असलेला ड्रायर टेंपोत घालून सांगलीला आणला. तिकडे पावसाळ्यात हातरुमालसुद्धा वाळत नाही, त्यांना तो लागायचा. सांगलीच्या रखरखीत उन्हात तो कशाला, असं सगळे म्हणाले. पण आप्पांकडे दवाखान्यांच्या चादरी यायच्या, त्यांना वाळत घालायला जागा पुरत नव्हती. पहिल्या दिवशी आप्पांनी कौतुकानं स्वतःचेच बनियन आत टाकले आणि बटण दाबून चहाला गेले. परत येऊन बघतात तर बनियन शेजारच्या बालवाडीतल्या पोराला बरोबर बसतील एवढे झालेले. मी हसून हसून बेजार झाले. आप्पा मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग कुणीतरी वच्छीअक्कांचं नाव सुचवलं. मूळच्या लोणंदकडच्या, नवरा मिलिटरीत होता, तो आजारपणात गेला. नवरा असताना उत्तरेकडे कुठल्याशा छावणीत राहिलेल्या, आणि तिथल्या इस्पितळाच्या धोबीखान्यात त्यांनी असली यंत्रं चालवलेली. शोभा नावाची एकुलती मुलगी घेऊन त्या सांगलीत भावाच्या आसऱ्यानं राहत होत्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की रस्त्यावरची सायकल थांबावी. आल्या आल्या त्यांनी ड्रायरला एक फेरी घातली, आत डोकं घातलं, आणि जाळीवर साठलेला कापसाचा पुंजका ओढून आप्पांच्या पुढ्यात टाकला. हे रोज काढायचं, नाहीतर एक दिवस दुकानासकट पेटाल, म्हणाल्या. नोकरी पक्की झाली की नाही हे विचारायच्या आधीच त्यांनी पदर खोचला होता.

अक्कांच्या हिशेबी जगात तीन जातीचे कपडे होते. चादरी, टेरिकॉट, पडदे हे सोशिक. सुती सदरे, झब्बे, परकर, डॉक्टरांचे गाऊन हे तापट. आणि लोकर म्हणजे रडकी. सकाळी आल्या की गठ्ठ्यातला एकेक कपडा उलटा करायचा, शिवण चिमटीत धरून बघायची आणि त्याला त्याच्या ढिगात भिरकवायचा. मोठ्यानं बोलत हे चालायचं, "तू सोशिक, तू तापट, तू रडकी, हो तिकडं." नवीन माणसाला वाटायचं बाईचं डोकं ठिकाणावर नाही.

रडक्याला ड्रायरची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. स्वेटर कोमट पाण्यात हलक्या हातानं धुवायचा, पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि मागच्या पडवीतल्या बाजेवर आडवा पसरायचा. सोशिकांचं फारसं कौतुक नाही, त्यांना फिरवा हवं तसं. खरी कसोटी तापटांची. पिंप अर्धाच भरायचा, म्हणजे आत कापड मोकळं उडतं. गरम हवा बेताची. आणि पूर्ण वाळेपर्यंत आत ठेवायचंच नाही. अंगाला थोडी ओल राहिली की काढायचं, बाह्या आणि घेर हातानं ओढून सरळ करायचे आणि सावलीत दोरीवर टाकायचं. उरलेली ओल वाऱ्यानं जाऊ द्यायची. तासगावच्या शेडमधी द्राक्षं उन्हात टाकत्यात का, असं त्या मला विचारायच्या. सावलीत वाऱ्यावर ठेवत्यात तवा बेदाणा होतो, कापडाचं बी तसंच.

आता गंमत अशी, की त्या ड्रायरचा धग दाखवणारा काटा हॉटेलातच मेलेला. गरम हवेचं बटण आणि साध्या हवेचं बटण, एवढी दोनच जिवंत. गरम कधी बंद करायचं ते यंत्राला कळत नव्हतं, अक्कांना कळायचं. त्या दारावरच्या काचेला उजवा तळहात लावून उभ्या राहायच्या, डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या वैद्यासारख्या. मग पिंप थांबवून आत हात घालायच्या, कापडाच्या गाभ्यात. "हाताला सोसंल तेवढंच सुताला सोसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हात बाहेर आला की गरम बंद, साधी हवा सुरू. सगळ्या विश्रामबागेत आमच्याकडचा झब्बा मापात परत यायचा, त्याचं कारण तो तळहात.

आप्पांनी एकदा मिरजेहून मिस्त्री आणला होता. काटा नवा बसवून देतो म्हणाला, हत्यारांची पेटी उघडलीसुद्धा. अक्का त्याच्या आणि ड्रायरच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. आप्पा समजावून थकले. मी हाय तवर काटा कशाला लागतोय, हा एकच हेका. मिस्त्री बिचारा चहा पिऊन गेला. त्या दिवशी अक्का इतक्या खुशीत होत्या की मला त्यांनी आपल्या डब्यातली शेंगाचटणी दिली, जी त्या कुणालाही देत नसत.

शोभाचं नाव निघालं की मात्र ह्या बाईचा आवाज खाली यायचा. पोरगी खरंच गुणी, दिसायला नक्षत्रासारखी, कॉलेजात जायची आणि येताना आईसाठी लाँड्रीत थांबायची. तिचे कपडे अक्का ड्रायरमध्ये कधीच घालत नसत, घरी हातानं धुवायच्या. तासगावचं एक स्थळ तिला सांगून आलं. द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, मुलगा शिकलेला, आणि मुलाची आई म्हणजे साऱ्या भावकीला धाकात ठेवणारी बाई. मुलगी बघायला आल्या तेव्हा त्यांनी शोभाला काही विचारलंच नाही, अक्कांनाच घराण्यात काय काय आजार होते ते विचारलं. अक्कांनी मला हे हसत सांगितलं. मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

त्याच्यानंतर थोड्याच दिवसांनी कपडे आटायला लागले.

पहिल्यांदा एका दवाखान्याचे हिरवे गाऊन. डॉक्टर स्वतः आले, अंगात गाऊन घालूनच, बाह्या कोपरापर्यंत चढलेल्या. मला हसू फुटलं, पण आत वळून बघितलं तर अक्कांचा चेहरा पांढरा पडलेला. मग कॉलेजातल्या एका सरांचा खादीचा झब्बा गेला, मग कुणाच्या परकराचा घेर वर गेला. अक्का साबणाला शिव्या द्यायच्या, मग विजेला, मग आजकालच्या सुताला. कापड पहिल्या पाण्यात भिजवून न घेता शिवणाऱ्या शिंप्यांचाही त्यांनी उद्धार केला. आणि त्या दिवसांत त्यांनी एक नवी सवय लावून घेतली. काचेला आता त्या तळहात लावायच्या नाहीत, मनगटाची आतली बाजू लावायच्या. भर एप्रिलात लांब बाह्यांचं पोलकं घालून यायला लागल्या. मी म्हटलं, अक्का, उकडून मराल. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

एका दुपारी आप्पा बाहेर गेलेले, मी खुणेच्या चिंध्या कापत बसले होते, आणि मला करपल्याचा वास आला. मागं गेले तर अक्का ड्रायरशी उभ्या. पिंप थांबलेला, दार उघडं, आणि त्यांचा उजवा हात आतल्या पत्र्यावर टेकलेला. टेकलेला म्हणजे निवांत टेकलेला, जसा आपण पारावर बसताना टेकवतो. वास कापडाचा नव्हता. मी धावत जाऊन त्यांचा हात ओढून काढला. करंगळीच्या खालची कातडी सोलून निघालेली. अक्कांनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या तोंडून साधा हुंकार नाही. त्यांना दुखलंच नव्हतं.

हाताला पाणी लावायला मी त्यांची बाही वर सारली आणि कोपराखाली मला तो दिसला. फिकट, तांबूस कडेचा, हातभर नाही पण चांगला रुपयाएवढ्या दोन-चार ठिपक्यांचा मिळून झालेला चट्टा. शाळेत असताना आमच्याकडे साताऱ्याला तपासणीवाले यायचे, पोरांच्या पाठीवर मोराचं पीस फिरवून विचारायचे, लागतंय का? आमच्या आळीतल्या एका बाईला लागलं नव्हतं. तिची ताट-वाटी वेगळी झाली आणि मग एक दिवस ती बाईच आळीत दिसेनाशी झाली. अक्कांना काय झालंय ते ओळखायला मला वेळ लागला नाही, आणि अक्कांनी तर ते केव्हाच ओळखलं होतं.

मी तिथंच, ओल्या फरशीवर बसून, त्यांना सगळं सांगितलं. आता याच्या गोळ्या निघाल्यात, मिरजेला फुकट मिळतात, गोळी सुरू झाली की कुणाला लागत नाही, वेळेवर घेतली तर हातसुद्धा वाचतो. मी येते बरोबर, उद्याच जाऊ. अक्का शांतपणे ऐकत होत्या.

"मिरज काय लांब हाय?" त्या म्हणाल्या. "तिथं रांगंत हुबी ऱ्हायले, आन् तासगावचं कोण दिसलं, तर? शोभाचं लगीन हुंदे. मग हात तोडून दे म्हणशील तर तोडून दीन."

मी चिडले. मूर्खपणा आहे हा, म्हणाले. हात गेला तर परत येत नाही, स्थळं छप्पन्न येतील. तेव्हा त्यांनी बाही खाली ओढली. छप्पन्न स्थळं महारोग्याच्या पोरीला येत नाहीत हे मलाही ठाऊक होतं. गोळ्या निघाल्या म्हणून माणसं थोडीच बदलली होती!

त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून एक तळहात झालो. अक्का नेहमीसारख्या काचेपाशी उभ्या राहायच्या, डोळे मिटायच्या. मी काहीतरी निमित्त काढून मागे जायची, आत हात घालायची आणि पुटपुटायची, झालं. मग अक्का मोठ्यानं ओरडायच्या, "बंद करा गरम!" आप्पांना वाटलं साबण बदलल्याचा गुण आला. कपडे पुन्हा मापात यायला लागले. मला मात्र घरी जाताना रोज धास्ती वाटायची, कारण लाँड्रीतलं मी सांभाळत होते, पण घरी चूल होती, तवा होता, तिथं माझा हात नव्हता. अक्कांच्या बोटांवर नवे नवे डाग दिसायचे. विचारलं तर म्हणायच्या, मांजर बोचकारलं.

लग्न तासगावला झालं, थाटात. अक्का नवं लुगडं नेसून, पदराखाली उजवा हात घेऊन वावरल्या. मुलीची आई लाजते, असं बायका म्हणाल्या. वच्छीअक्का आणि लाजणं! मी हसू दाबलं, आणि मग रडूच आलं.

लग्न झालं, आता चला, म्हटलं. तर म्हणाल्या पहिली दिवाळी हुंदे, जावईबापू यायचेत. दिवाळी झाली. तोवर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. सांधेवात हाय, असं त्या आप्पांना सांगायच्या. मग शोभाला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पोरगी घरात आन् आई मिरजेच्या रांगंत, जमंल का, असं त्यांनी मला विचारलं. मला त्यांचा राग येत होता, आणि त्यांच्या त्या विहिणीचा, आणि आमच्या आळीतल्या सगळ्या माणसांचा.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. अक्का मिरजेला गेल्या, गोळ्या घेतल्या, रोग गेला. बोटं राहिली ती वाकडीच. पण हे मला आप्पांकडून कळलं, कारण त्याच सुमारास आमची बदली साताऱ्याला झाली. मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्यांच्या घरी, सामान बांधायच्या गडबडीतून वेळ काढून बाळ बघायला गेले तेव्हा.

मुलगा झाला होता. तासगावच्या विहीणबाईही त्याच दिवशी नातवाला बघायला आलेल्या, डिंकाचे लाडू घेऊन, आतल्या खोलीत शोभाच्या बाजेपाशी बसलेल्या. बाळाला न्हाऊ घालायची वेळ. अक्का न्हाणीत पाटावर बसल्या, दोन्ही पाय लांब केले, तेल चोपडलेलं बाळ नडग्यांवर पालथं घेतलं. बंबातलं पाणी घंगाळात काढून त्यांनी स्वतःच गार पाण्याचं विसण घातलं होतं. नाव ठेवायला जागा नाही असं सगळं चाललं होतं. मला म्हणाल्या, "बघितलंय मी पानी. वत तू."

मी तांब्या बुडवला आणि माझी बोटं पाण्याला लागली. तांब्या हातातून सुटला, फरशीवर खणखणत गेला. पाणी चटका बसावा असं कढत होतं.

आतून शोभानं विचारलं, काय पडलं गं? मी सावरले. हातातून निसटला, म्हणाले, आणि गार पाण्याची बादली उचलून घंगाळात ओतली. झालं, निभावलं, असं मला वाटलं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. मी दुसऱ्यांदा तांब्या भरला, तर अक्कांनी माझं मनगट धरलं, त्या वाकड्या बोटांनी.

"आज तू हायस," त्या म्हणाल्या. "उद्या?"

मी नको नको म्हणत असताना त्यांनी आत हाक मारली. विहीणबाय, जरा भायेर या, म्हणाल्या. विहीणबाई दारात आल्या, मागे शोभा भिंतीला धरून. अक्कांनी बाही वर केली आणि चट्टा दाखवला.

"माझ्या हाताला ऊन-गार कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "पोराला माझ्यापाशी देऊ नगा."

विहीणबाईंनी चट्ट्याकडे बघितलं, बोटांकडे बघितलं. मग एकच विचारलं, लग्नाच्या आधीपासनं? अक्कांना नाही म्हणता आलं असतं. मी डोळ्यांनी विनवत होते, म्हणा नाही म्हणून.

"व्हय," अक्का म्हणाल्या.

त्या बाई काही ओरडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, बाळ अक्कांच्या पायांवरून उचललं, घंगाळात स्वतःचं कोपर बुडवून बघितलं आणि तिथंच उकिडवं बसून नातवाला न्हाऊ घातलं. पुसलं, गुंडाळलं. मग शोभाला म्हणाल्या, आवर, आपल्या घरला जायचं. ओली बाळंतीण आहे, असं मी म्हणायला गेले तर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शोभा रडत होती, आईकडे यायला बघत होती, आणि अक्का तिला मानेनंच नको नको करत होत्या. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

मी न्हाणीत परत आले तेव्हा अक्का तशाच पाटावर होत्या, तेलानं माखलेले पाय लांब केलेले, वर कुणी नाही.

"शोभाला संगं नेली न्हवं?" त्यांनी विचारलं. "हितं ठिवून न्हाई गेल्या?"

नेली, म्हणाले. जीपमध्ये पुढं बसवून, शाल पांघरून नेली.

"मग झालं," अक्का म्हणाल्या, आणि उठायला माझा हात मागितला.